दोन डोंगर आणि एक नारळाचं झाड

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात : वय 27. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण. नोकरीसाठी पाच वर्षांपासून पुण्यात, कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात. तीन वर्षं एक कादंबरी लिहीत आहेत. नायक दिगू हा बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचा मुलगा आहे. तो उत्तम चित्रं काढतो, पण तालुक्याच्या गावात त्याची वाढ खुंटते. काळ साधारण 2004 ते 2010. अडीचशे पानं झाली आणि कादंबरी अडली. त्या लिहितात : ‘गावाने त्याला वाढू दिलं नाही हे दाखवायचंय, पण लिहायला बसले की गावातली माणसं वाईट होतच नाहीत. शनिवारी आमचा लेखनगट जमतो, तिथे सगळे म्हणतात की गावाची दाहकता कमी पडते. आईला फोनवर दोन पानं वाचून दाखवली, तर ती म्हणाली, आपल्या गावाची अशी बदनामी कशाला करतेस? दिगूला पुण्या-मुंबईला आणल्याशिवाय तो चित्रकार होणार कसा? आणि आणला तर तो तिथे काय करणार? मला काहीच दिसत नाही.’ पत्रासोबत त्यांनी कादंबरीतली दोन प्रकरणंही पाठवली आहेत.

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा दिगूसाठी आणि एकदा सातव्या पानावरच्या एका ओळीसाठी. त्या ओळीकडे शेवटी येते, आधी दिगू.

‘कोंडमारा’ हा शब्द तुमच्या पत्रात पानोपानी आहे. गाव म्हटलं की कोंडमारा आणि पुणं म्हटलं की मोकळी हवा, हे तुमच्या मनात इतकं पक्कं बसलंय की कोंडला गेलाय तो दिगूचा नेमका कोणता भाग, हे तुम्ही स्वतःला विचारलेलंच नाही. त्याचा हात? हात तर तयार होतोय, तुम्हीच लिहिलंय. विषय? तालुक्याच्या गावात चित्राला विषयांची वाण नसते. मग गाव त्याच्याकडून काय काढून घेतं? कादंबरी अडलीय ती या प्रश्नापाशी, असं मला वाटतं.

मीही तालुक्याच्या गावातली. आमच्या शाळेत एकच चित्रकलेचे सर होते. गॅदरिंगचा पडदा, गणपतीची आरास, 26 जानेवारीचा फलक, रोजचा सुविचार, सगळं त्यांच्याच हातचं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवणारेही तेच. कला संचालनालयाच्या या दोन परीक्षा नसत्या, तर आमच्यासारख्या गावांतल्या कितीतरी मुलांना वस्तुचित्र, संकल्पचित्र हे शब्दही कानावर पडले नसते. त्यात एक पेपर स्मरणचित्राचा. आमच्या वर्षी विषय आला ‘आठवडी बाजार’. आमचा बाजार भरायचा नदीच्या कोरड्या पात्रात. वाळूत रोवलेल्या काठ्या, त्यांवर ताणलेली पोती, एकाच दोराला बांधलेल्या शेळ्या, मिरच्यांचे ढीग आणि ढिगामागे पदर नाकाला लावून बसलेली बाई. दर गुरुवारी हे सगळं मी बघायचे. परीक्षेच्या कागदावर मात्र मी मागे दोन डोंगर काढले, डोंगरांच्या मधून उगवता सूर्य, डावीकडे झोपडी आणि झोपडीला लागून नारळाचं झाड. तोवर मी नारळाचं झाड पाहिलेलंच नव्हतं. नारळ पाहिला होता तो देवळात फोडताना. आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर बाभूळ होती, चांगली डेरेदार. तिचं चित्र वर्गातल्या एकाही मुलाने कधी काढलं नाही.

सरांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांच्या सरांनी त्यांना तसंच शिकवलं होतं आणि त्या डोंगर-सूर्याला गुण पडायचे. पेपरचं नाव स्मरणचित्र, आणि कागदावर उतरलेली आठवण भलत्याच कुणाची तरी. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि चित्रकला केव्हाच सुटली होती.

हे सांगायचं कारण असं की लहान गाव कलावंताला अडवतं ते बहुतेक वेळा अशा रीतीने. पायात बेडी नसते, टिंगलही फारशी नसते. समोर बाभूळ असते आणि ती काढण्याजोगी आहे असं म्हणणारं कुणी नसतं. माणसं वाईट होत नाहीत अशी तुमची तक्रार आहे. ती वाईट होऊ नयेतच. तुमचा हात तिथे खरं लिहितोय, त्याला ओढून वाकडं करू नका.

दुसरी गोष्ट कौतुकाची. गावात हात चालणाऱ्या मुलाला हिणवतात हा शहरात बसून केलेला समज आहे. उलट त्याला डोक्यावर घेतात. बाराव्या वर्षी तो ‘आपला आर्टिस्ट’ होतो. लग्न निघालं की थर्माकोलवर ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ कोरायला बोलावणं येतं, वाढदिवसाला आकडा कापायला येतं, मंडळाच्या स्टेजमागचा देखावा त्याच्याकडे, आमदारांचं चित्र चौकटी पाडून मोठं करायचं तेही त्याच्याकडे, आणि सगळं उद्या सकाळपर्यंत हवं असतं. चित्र झालं की भोवती माणसं जमतात आणि एकच शब्द उच्चारतात : हुबेहूब! अगदी फोटोच! अख्ख्या गावाकडे मापायला हाच एक गज असतो. तो शब्द प्रेमाने येतो, म्हणून तो परतवता येत नाही. बाराव्या वर्षी जो गावात पहिला होता, तो बाविसाव्या वर्षीही पहिलाच असतो, कारण दुसरा कुणी नसतोच. आपण थांबलोय हे त्याला कळणार कुठून?

तुमच्या अडीचशे पानांत दिगूचं कौतुक करणारा एकही प्रसंग नाही, असं तुमच्या सारांशावरून दिसतं. तो लिहा. चांगला लांब लिहा. एखाद्या लग्नाच्या मांडवात, थर्माकोलचा चुरा अंगभर चिकटलेला, नवरीचा मामा त्याच्या पाठीवर थाप मारतोय, पन्नासची नोट खिशात कोंबतोय, आई दुरून बघतेय, आणि दिगूला आतून पहिल्यांदाच काहीतरी नको-नकोसं वाटतंय. का वाटतंय हे त्यालाही कळू नये. गावाची दाहकता आणा म्हणणाऱ्या तुमच्या मित्रांना मी म्हणेन, या पन्नासच्या नोटेपाशी थोडं थांबून बघा.

आता तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या प्रकरणाबद्दल. त्यात दिगूचे वडील किराणा दुकानाचा बोर्ड रंगवतायत. खडू फासलेली सुतळी ताणून झटकतात, फळीवर पांढरी रेघ उमटते. मग अक्षरं मोजतात. आणि दिगूला म्हणतात, ‘ठ काढताना ठकडं बघू नको. ठच्या पोटातली मोकळी जागा बघ. ती गुदमरली की अक्षर गेलं.’ मैत्रिणी, हे वाचून मी पान खाली ठेवलं आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. चित्रकला ज्यावर उभी असते त्यातली एक मोठी गोष्ट त्या माणसाने सुतळी गुंडाळता गुंडाळता पोराला देऊन टाकली. तुम्ही ती चार ओळींत आटोपलीत आणि पुढची तीन पानं दिगूच्या घुसमटीवर खर्च केलीत.

इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. गावात ज्ञान नसतं, ही तुमच्या कादंबरीच्या पायातली समजूत आहे. आणि तुम्हीच लिहिलेला बाप ती खोटी ठरवतोय. ज्ञान आहे, पण ते सुटं सुटं आहे. बापाला अक्षराच्या पोटातली जागा दिसते. गोधडी शिवणाऱ्या आजीला कुठल्या चिंधीशेजारी कुठली चिंधी बोलते ते कळतं. वाजवणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं. ही सगळी एकाच जातीची गोष्ट आहे, हे सांगणारा मात्र गावात कुणी नाही. बाप स्वतःला कलावंत समजत नाही, ‘पेंटर’ समजतो, आणि आजीला तर गोधडी हे थंडीचं काम वाटतं. दिगूला ‘ठ’ची मोकळी जागा मिळाली, पण तीच नजर माणसाच्या चेहऱ्यावर, रिकाम्या एसटी स्टँडवर, बाभळीच्या फांद्यांमधल्या आभाळावर टाकता येते, हे त्याला कुणी म्हटलं नाही. या तुटलेल्या दुव्याला मी एकटेपणा म्हणेन. आणि त्यात 2004 ते 2010 हा काळ घेतलाय तुम्ही, म्हणजे बापाच्या डोळ्यांदेखत फ्लेक्स येणार. जी विद्या पोराने घ्यायची ती घेण्याआधीच निरुपयोगी ठरणार. तुमची कादंबरी मला इथे दिसते, या दोघांमध्ये.

कलावंताच्या घडणीच्या कादंबऱ्या जगभर लिहिल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ लहान गावांत सुरू होतात. एकीबद्दल सांगते, कारण तुमच्या अडचणीवर ती नेमकं बोट ठेवते. अमेरिकन लेखिका विला कॅथर यांची ‘द साँग ऑफ द लार्क’ 1915 साली आली. कॅथर स्वतः नेब्रास्कातल्या रेड क्लाउड या छोट्या गावात वाढलेल्या. कादंबरीतली थिया ही कोलोरॅडोतल्या मूनस्टोन नावाच्या काल्पनिक रेल्वेगावातली. पुढे ती मोठी गायिका होते. गावातल्या नाताळच्या कार्यक्रमात थियाला पियानो वाजवायला बसवतात आणि लोक चुळबुळ करतात. टाळ्या मिळतात त्या लिली फिशर नावाच्या गोंडस मुलीला, सगळ्यांच्या ओळखीचं भजन गायल्याबद्दल. आपल्याकडच्या कुठल्याही गॅदरिंगमध्ये हा प्रसंग जसाच्या तसा घडेल. थियाचा पहिला शिक्षक वुन्श हा दारूच्या आहारी गेलेला, भटकत भटकत त्या गावात येऊन पडलेला जर्मन. त्याच्याजवळ विद्या आहे आणि तो टिकत नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. थिया शिकागोला जाते ती रे केनेडी या रेल्वेतल्या माणसाच्या पैशावर. त्याचं तिच्याशी लग्न करायचं मनात असतं, अपघातात तो जातो आणि विम्याचे 600 डॉलर तिच्या नावावर ठेवून जातो. म्हणजे गावाबाहेरची वाट गावातल्याच एका माणसाच्या जिवावर निघते. आणि शिकागोत पोचल्यावर तिला लगेच पंख फुटत नाहीत. आपण किती मागे आहोत ते तिला तिथे कळतं. तिच्यात गाणारी आहे हेसुद्धा तिथला पियानोचा शिक्षक ओळखतो.

मूनस्टोन थियाला छळत नाही. ते तिला ऐकू शकत नाही, एवढंच. छळणारं गाव लिहायला सोपं असतं. प्रेम करणारं पण ऐकू न शकणारं गाव लिहायला तुम्हाला अडीचशे पानं कमी पडतील.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर बहिणाबाई चौधरींचं घ्या. 1880 साली जळगावजवळ आसोद्याला जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, आयुष्य शेतात आणि जात्यापाशी गेलं. त्यांच्या कवितेत कुठे काय कमी पडलं? काहीच नाही. पण 1951 मध्ये त्या गेल्या आणि कविता पुस्तकरूपाने आल्या 1952 मध्ये, त्याही मुलगा सोपानदेव स्वतः कवी असल्यामुळे आणि त्याने ते कागद आचार्य अत्र्यांपुढे ठेवल्यामुळे. घरात टिपून घेणारं कुणी नसतं, तर त्या ओव्या जात्याबरोबरच थांबल्या असत्या. दिगूच्या घरात टिपून घेणारं कोण आहे? कुणीच नसेल तर तसं लिहा, आणि ते नसणं वाचकाला जाणवू द्या. असेल, तर ते कोण?

काळाबद्दल एक सूचना, कारण नव्या लेखकांच्या हस्तलिखितांत मी ही चूक सारखी बघते. ‘गावात काहीच पोचत नव्हतं’ असं एका वाक्यात लिहून चालणार नाही. 2004 मध्ये काय पोचत होतं? नगर वाचनालयात कोणते दिवाळी अंक यायचे, त्यांची मुखपृष्ठं कशी होती? स्टेशनरीच्या दुकानात कॅम्लिनच्या रंगाच्या कोणत्या बाटल्या असायच्या आणि कोणती कायम संपलेली असायची? जाड कागद मागितला तर दुकानदार काय काढून द्यायचा? सायबर कॅफेत तासाला किती घ्यायचे आणि एक चित्र उघडायला किती वेळ लागायचा? 2010 मध्ये कुणाच्या हातात कसला फोन होता? मुलाचं जग याच दुकानाएवढं असतं. वहीची चार पानं खर्चून ही यादी करा. कादंबरीत त्यातली दहाच वाक्यं येतील, पण ती दहा खरी असतील.

आणि एक प्रसंग तुमच्याकडे असलाच पाहिजे : दिगू आयुष्यात पहिल्यांदा मूळ चित्रासमोर उभा राहतो. तोवर त्याने चित्रं पाहिली ती कॅलेंडरवर, वहीच्या कव्हरवर, नंतर पडद्यावर. राजा रविवर्म्यांनी 1894 साली छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या देवादिकांच्या तसबिरी घराघरांत गेल्या. दिगूच्या देवघरातली लक्ष्मी त्याच वंशातली. छापील चित्रात आकार जातो, रंगाचा थर जातो, कुंचल्याची ओढ जाते. मुलाला वाटत राहतं की मोठ्या चित्रकाराचा हात कुठे चुकतच नाही, सगळं गुळगुळीत असतं.

तो प्रसंग पुण्यातच घडला पाहिजे असं मात्र नाही. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात औंध आहे. आपलं पुण्यातलं औंध नव्हे. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभं केलं आणि 1938 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं माय-लेकराचं दगडी शिल्पही आहे. खाली यात्रेकरूंच्या बैलगाड्या आणि वर हेन्री मूर! मी पहिल्यांदा गेले तेव्हा चाळिशीची होते. एका तैलचित्रातल्या दागिन्याजवळ नाक नेऊन पाहिलं, तर दागिना नाहीसाच झाला. पिवळ्या-पांढऱ्याचे थोडे ठिपके उरले. चार पावलं मागे आले, की पुन्हा मोती. मागे-पुढे, मागे-पुढे मी इतक्यांदा केलं की रखवालदार येऊन उभा राहिला. हे मला बाराव्या वर्षी दिसलं असतं तर, हा विचार त्या दिवशी घरी येईपर्यंत पाठ सोडत नव्हता. ज्या गावात हे आहे त्या गावाला ‘लहान’ म्हणायचं कसं? आणि दिगूचं गाव तिथून एसटीने काही तासांवर असूनही त्याला ते कुणीच सांगितलं नाही, हे किती लागेल वाचकाला.

पुण्यात आणायचाच असेल तर त्याला शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकदा न्या. काचेमागे अडकित्ते आहेत, दिवे आहेत, घराघरांतून गोळा केलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. त्यातला एखादा अडकित्ता अगदी आजीच्या पिशवीतल्यासारखा. जे घरी कुणी वर उचलून बघितलं नाही, ते इथे दिव्याखाली ठेवलंय. दिगू तिथे काय करील? मला खरंच वाचायला आवडेल.

आता शेवटाचा प्रश्न : तो गाव सोडतो की नाही? तो गेला आणि मोठा झाला, हा शेवट खोटा नाही, पण तुम्हाला तो दिसत नाही असं तुम्हीच म्हणता, तर ओढून आणू नका. तो राहिला आणि विझला, हा तुमच्या गटाला हवा असलेला शेवट. त्याची मला धास्ती वाटते, कारण त्यात गावात राहिलेल्या प्रत्येकावर विझल्याचा शिक्का बसतो. येत-जात राहणाऱ्यांचा विचार करा. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातल्या माडगूळ्याहून निघाले, पुण्यात आकाशवाणीवर नोकरी केली, आणि लेखणी वारंवार माणदेशाकडेच वळत राहिली. त्यांच्या हातात चित्रकलाही होती. माणूस शहरात आणि नजर गावात, असं जगता येतं. माझ्या मनात आणखी एक शक्यता घोळतेय. दिगू ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करतो आणि त्याच शाळेत चित्रकलेचा सर होऊन परततो. समोर चाळीस मुलं. परीक्षा तोंडावर आलेली. दोन डोंगरांना अजूनही गुण पडतात. तो फळ्यावर काय काढतो? हा शेवट सुखाचा की दुःखाचा ते मला ठरवता येत नाही, म्हणूनच तो मला ओढतो. घ्यायलाच हवा असं नाही. कादंबरी तुमची आहे.

गटाबद्दल आणि आईबद्दल. गट सोडू नका. ज्याला आपली पानं वाचून दाखवता येतात अशी चार माणसं मिळणं हे शहराचं खरं देणं आहे आणि तुम्ही ते कमावलंय. पण त्यांचाही एकच गज आहे हे ध्यानात ठेवा. दिगूच्या गावाला सगळं हुबेहूब हवं, तुमच्या गटाला सगळं दाहक हवं. पुढच्या शनिवारी ‘ठ’चा प्रसंग चार ओळींऐवजी आठ पानांचा करून वाचा आणि नंतर कुणाला काय आठवलं एवढंच विचारा. आईला घुसमटीची पानं वाचून दाखवलीत, म्हणून तिला बदनामी दिसली. तिला मांडवाचा प्रसंग वाचून दाखवा. ती तुमच्या चुका काढील : थर्माकोल अस्सा कापत नाहीत गं, गरम तारेने कापतात. अशा चुका काढणारं माणूस पुण्यात तुम्हाला कुठे मिळणार?

आणि आता सातवं पान. तिथे तुम्ही दिगूच्या परीक्षेबद्दल लिहिता लिहिता मध्येच लिहिलंय : ‘मलाही इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, पण फाउंडेशनला, म्हणजे चित्रकलेच्या पायाभूत अभ्यासक्रमाला, बाहेरगावी पाठवणं शक्य नव्हतं, ते असो.’

ते असो कसं?

अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जिवंत वाटलं ते हे वाक्य, आणि तुम्ही ते दाराबाहेर चपला काढाव्यात तसं बाहेर ठेवून दिगूच्या घरात शिरलात. मुलगा असल्यामुळे दिगूपुढे एसटी स्टँड तरी मोकळा आहे. तुमच्यापुढे तो तसा नव्हता. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावी असेल तर मुलीबरोबर कोण जाणार, इथपासून सुरुवात. मुलीच्या हाताचंही गाव कौतुक करतं, पण ते रांगोळीपर्यंत आणि मेंदीपर्यंत. तिथे हात थांबला तर कुणाला तो थांबल्यासारखा वाटतही नाही. दिगूला मुलगी करा असं मी म्हणत नाही. पण दिगूला एक बहीण द्या. तिला तोच बाप द्या, तीच सुतळी धरायला द्या. ‘ठ’ची गोष्ट बाप पोराला सांगतोय आणि ऐकतेय मात्र ती, फळीचं दुसरं टोक धरून. मग बघा कादंबरी कुठे जाते. ‘मला काहीच दिसत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तुम्हाला दिसतंय आणि बघवत नाहीये. तीन वर्षं दिगूचा शेवट सापडत नाही, तो कदाचित त्यामुळे.

सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा चित्र काढायला लागा, असा उपदेश मी करणार नाही. पण एक विचारते : पाच वर्षांत बालगंधर्व कलादालनात किती वेळा गेलात? घोले रोडवरच्या राजा रविवर्मा कलादालनात? कर्वेनगरहून बसने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. सुरुवातीला आत शिरताना आपण इथले नाही असं वाटेल. वाटू दे. ते वाटणंही दिगूला किंवा त्याच्या बहिणीला कधीतरी लागेल.

हे सदर अजूनही तालुक्याच्या गावात राहणारी, लिहिणारी, काढणारी मुलंमुलीही वाचतात. त्यांच्यासाठी चार ओळी. कौतुक करणारी माणसं जपा, ती पुढे फार दुर्मीळ होतात, पण त्यांच्याकडून शिकण्याची अपेक्षा धरू नका. आपलं काम बघून ‘इथे खोटं झालंय’ असं म्हणेल अशी एक व्यक्ती शोधा. ती शेजारच्या तालुक्यात असेल, शाळेतून निवृत्त झालेली असेल, फोनवरच भेटणारी असेल, चालेल. महिन्यातून एकदा तिला काम दाखवा आणि तिच्या बोलण्याचा राग एक दिवस पोटात ठेवा. वर्षातून एक प्रवास मूळ गोष्ट बघण्यासाठी करा, औंध, कोल्हापूर, पुणं, जे जवळ असेल ते. परतीच्या गाडीत फोन न बघता वहीत लिहा किंवा काढा. मुलींनी जोडीने जावं. घरचे एकटीला नाही म्हणाले तरी दोघींना कधीकधी हो म्हणतात. परीक्षेत दोन डोंगर काढावे लागले तर काढा, गुण घ्या. घरी येऊन त्याच दिवशी खरा बाजार काढा.

तुमच्याकडे परत येते. पुढचा महिनाभर कादंबरीचं नवं पान लिहू नका. सुट्टी काढून आठवडाभर गावी जा आणि आपल्या जुन्या शाळेत, सर परवानगी देतील तर, चित्रकलेच्या तासाला शेवटच्या बाकावर बसा. नोंदी करू नका, बसा फक्त. मग मला पत्र लिहा. दिगूचं काय झालं ते नंतर सांगा. आधी एवढंच कळवा, की तुमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर कोणतं झाड होतं, आणि ते अजून आहे का.